रेल्वेवाल्यांचा तिकडचा क्लब

सोमवारी सकाळी दूध तापत ठेवलं की मी फोनवर एका फुटबॉल क्लबचा निकाल बघते. क्लब दक्षिण अमेरिकेत आहे, एका मोठ्या नदीकाठच्या बंदरात. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही. पण तिकडचा रविवार संपतो तेव्हा रायपुरात सोमवार उजाडलेला असतो आणि बाबा उठल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात. उत्तर तयार असलं तर गोळ्या, आंघोळ, नाश्ता आणि माझं ऑफिस ओळीने पार पडतं. नसलं तर सगळंच लांबतं.

बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि रेल्वेच्या टीममधून खेळायचे. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयात त्यांच्या हाती एक जुनं इंग्रजी मासिक लागलं. त्यात त्या क्लबचा फोटो होता. इंजिनापुढे एका रांगेत उभे असलेले मिशाळ कामगार, काहींच्या हातांना अजून काळं लागलेलं. "आमच्यासारखेच उभे होते," बाबा सांगतात. त्यांनी तो लेख कारखान्यातल्या एका क्लार्ककडून वाचून घेतला आणि तेव्हापासून मिळेल तिथून त्या क्लबची माहिती गोळा केली.

क्लबची गोष्ट अशी. तिकडे इंग्रज कंपनीने रेल्वे टाकली. साहेबांसाठी क्रिकेटचं मैदान होतं, क्लब होता. कामगारांना तिथे जाता येत नसे. म्हणून त्यांनी शेडमागची, राख टाकायची जागा साफ केली आणि तिथे फुटबॉल सुरू केला. डबे रंगवून उरलेल्या रंगाने गोलाचे खांब रंगवले आणि मग शर्टांनाही तेच रंग घेतले. सुरुवातीला फक्त रेल्वेवाल्यांनाच खेळता येई. पुढे गोदीतले हमाल, बेकरीवाले, न्हावी असे सगळेच सभासद झाले. कंपनीने जागा परत मागितली, तेव्हा सभासदांनी वर्गणी काढून दुसरीकडे मैदान घेतलं आणि लाकडी स्टँड स्वतः ठोकला. अजूनही क्लब कोणा एका मालकाचा नाही. सभासद मतं देतात, अध्यक्ष निवडतात आणि त्याला शिव्याही देतात. एका वर्षी क्लब खालच्या डिव्हिजनला गेला. गावात सुतक असल्यासारखं झालं. पण पुढच्या हंगामात स्टँड आधीपेक्षा जास्त भरला. मग क्लब वर आला. नंतर पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. असं चालू आहे.

हे मला पाठ आहे, कारण मी ते दर गणपतीत ऐकलं आहे. रेल्वे कॉलनीच्या बाजूला आमचं एक छोटं मराठी मंडळ आहे. तिथे आरतीनंतर रोज एक सभासद आपल्याला माहीत असलेल्या विषयावर बोलतो. कोणी मधुमेहावर, कोणी आयकरावर. बाबांची एक संध्याकाळ ठरलेली आणि विषयही ठरलेला. लोक थट्टा करतात, पण येतात. पहिल्या रांगेत बाबांच्या टीमचे जुने गोलकीपर बसतात आणि बाबांनी माईक हातात घेतला की दरवर्षी ओरडतात, "अबे, यंदा तरी फायनल जिंकव त्याईले!"

गेल्या वर्षापासून बाबांचं विसरणं वाढलं. एका सकाळी ते डबा घेऊन ड्युटीवर निघाले. बुढापारा तलावाजवळून एका ओळखीच्या रिक्षावाल्याने त्यांना घरी आणलं. तेव्हापासून दाराला आतून वरची कडी, खिशात पत्त्याची चिठ्ठी, फ्रिजवर गोळ्यांचा तक्ता. मी थकले आहे. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहावं लागणार नाही.

यंदा गणपतीआधी मंडळाच्या सचिव बाईंचा फोन आला. फार सांभाळून बोलत होत्या.

"दीदी, यंदा काकांचा सत्कार ठेवू या का? शाल-श्रीफळ, दोन शब्द, बस. त्यांना त्रास नको."

"भाषण नको म्हणता?"

"तसं नाही हो. पण मध्येच अटकले तर... लोकांसमोर बरं दिसत नाही."

मला ते पटलं. खरं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं. एक काम कमी. पण बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"सत्कार रिटायर माणसाचा करतेत," ते म्हणाले. "माहा झाला तवा. आता कायचा? मले शाल नको. मले माईक पाहिजे."

"आणि मध्ये विसरलात तर?"

"म्हणून तर यंदाच सांगावं लागते. पुढच्या साली कोण सांगन?"

सचिव बाईंना फोन करून मी सांगितलं, भाषण होईल, शाल नंतर द्या.

मग रोज संध्याकाळी तयारी. मी मेथी निवडत बसायची, ते खुर्चीत बसून सांगायचे. राखेची जागा, रंगाचे खांब, लाकडी स्टँड, सगळं बिनचूक. क्लब खाली गेला इथे मात्र गाडी थांबायची. मी विचारायची, "मग काय झालं?"

"मग? मग तू भाजी निवड."

मी चिठ्ठीवर मुद्दे लिहून द्यायचं म्हटलं. त्यांनी चिठ्ठी घेतली नाही. रेफ्री चिठ्ठी वाचत नाही, म्हणाले. ते रेफ्री कधीच नव्हते, पण मी वाद घातला नाही.

भाषण सोमवारी आलं. चौबे कॉलनीतल्या आमच्या घरातून निघताना त्यांनी स्वतः शर्टाची इस्त्री तपासली. आरती झाली, खुर्च्या वळवल्या गेल्या. बाबांनी माईक घेतला आणि गोलकीपर काकांनी ओरडायचं ते ओरडून घेतलं. लोक हसले. मी भिंतीला टेकून, बाबांना दिसेन अशी उभी राहिले.

छान बोलत होते. तरुण मंडळी हिंदीत कुजबुजत होती, तीही गप्प झाली. मग ते वळण आलं.

"एका साली क्लब खाली उतरला," बाबा म्हणाले. थांबले. मी ओठांनी 'स्टँड' म्हणत होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. "खाली उतरला. मग साहेब लोक आले. टेप लावून जमीन मोजली. चिंचेचं झाड पाडलं. तिथं क्वार्टर बांधले. पोट्टे इकडं तिकडं पांगले. क्लब बंद पडला." त्यांनी माईक खाली केला. "संपलं."

त्या नदीकाठी चिंच नाही हे सगळ्यांना कळत होतं. ते झाड आमच्या रेल्वे मैदानावरचं होतं, गोलामागचं. बाबांची टीम त्याच मैदानाबरोबर मोडली. सचिव बाईंनी शालीची पिशवी उचलली.

तेवढ्यात गोलकीपर काका उभे राहिले.

"काहून बंद पाडून राहिला बे त्याले?" आवाज चढलेला होता, पण थट्टेचा नव्हता. "चिंच आपली होती. माहा शर्ट लटकायचा तिच्यावर. आपलं बंद पडलं. त्याईचं चालू हाय!"

बाबा गोंधळले. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि मी सापडले.

"चालू हाय?"

"चालू आहे, बाबा. काल मॅच झाली. हरले."

"किती?"

"दोन-शून्य."

बाबांनी मान हलवली. मग माईक पुन्हा तोंडाशी नेला. "हरले म्हणजे खेळले," ते लोकांना म्हणाले, जणू शंका लोकांनाच होती. आणि तिथून पुढे निघाले. भरलेला स्टँड आला, वर चढणं आलं, पुन्हा उतरणं आलं. दोनदा काकांनी दुरुस्ती केली, एकदा बाबांनी त्यांनाच गप्प बसवलं. "तू गोल सांभाळ." लोक मोकळेपणी हसले. शेवट नेहमीचाच झाला: असं चालू आहे.

शाल आणलेली होती म्हणून ती दिलीच. बाबांनी तिची घडी घालून माझ्या पर्समध्ये कोंबली.

गाडीत त्यांनी विचारलं, "आज माहं भाषण हाय ना?"

"झालं, बाबा. आत्ताच."

"पुरं केलं?"

"पुरं केलं."

"बरं." थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "आता कुठं हायेत ते?"

सिग्नल लाल होता, म्हणून फोन काढून बघितलं. "खालून चौथे."

"मंग वाचतेत यंदा, खाली नाही जात," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. माझ्या मागचा स्कूटरवाला हॉर्न वाजवत होता. घरी जाऊन गोळ्या द्यायच्या होत्या, वरची कडी लावायची होती. मी गाडी पुढे घेतली.