आमच्या माल्टाचे बारा

माल्टा हा देश नकाशात शोधायला भिंग लागतं. आमच्या घरी तो सोफ्यावर बसलेला असतो. तो म्हणजे आमचा जावई, ल्यूक. लेकीनं, ईशानं, त्याला शिकागोच्या ऑफिसात शोधला आणि नेपरव्हिलला आमच्यापुढे आणून उभा केला. मुलगा गुणी आहे. माझा राग त्याच्यावर नाही, युरोपवर आहे.

युरोपात दरवर्षी टीव्हीवर देशादेशांची गाण्याची स्पर्धा होते. माल्टा वर्षानुवर्षं तिथे गातो आणि एकदाही जिंकलेला नाही. यंदा गाणार होती ल्यूकची सख्खी बहीण. त्यामुळे शनिवारी दुपारी, माझ्या हक्काच्या झोपेच्या वेळी, टीव्हीवर स्पर्धा आणि शेजारी लॅपटॉपवर थेट माल्टाहून, तिथल्या रात्री जागणाऱ्या विहीणबाई!

"शेजारी शेजाऱ्यांना पॉइंट्स देतात, बाबा," ईशा म्हणाली.

"वी हॅव नो नेबर्स. ओन्ली सी," ल्यूक खिन्नपणे म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. (आमच्या मराठी मंडळाच्या मोदक स्पर्धेत हेच चालतं. परीक्षक पुण्याचे, मग पहिला नंबर पुण्याला. आमच्या नागपूरकर हिचे मोदक कायम उत्तेजनार्थ.)

"अमेरिकेतून मत देता येतं का?"

"येतं ना. युरोपबाहेरची सगळी मतं एकत्र काउंट करतात. ज्याला मोस्ट, त्याला ट्वेल्व्ह पॉइंट्स."

मी तडक लॅपटॉपसमोर उभा राहिलो. "विहीणबाई, डोन्ट वरी. ऑल मराठी व्होट्स, युवर डॉटर."

विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, शब्द कशाला देता?" ही म्हणाली. "तुमच्या मंडळात चहात आलं घालावं की वेलची, यावर अजून एकमत नाही."

हे मला झोंबलं. मी मंडळाचा माजी अध्यक्ष. मराठी माणसांची एकी, या विषयावर दर गणपतीत मी बोललोय आणि दर गणपतीत लोक मधूनच जेवायला उठलेत. संतापात मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'बंधूंनो, आमच्या जावयाच्या देशावर अन्याय होतोय. आज डोळे मिटून बारा द्या. फक्त बारा! सगळीकडे फॉरवर्ड करा.'

आणि चमत्कार झाला. कोणी वाद घातला नाही. वेस्ट विंडसरच्या मावशींनी अख्खं भजनी मंडळ कामाला लावलं. कॅरी गावच्या साडूंनी ऑफिसातल्या तेलुगू मुलांनाही मतं द्यायला लावली. 'बारा दिले', 'बारा डन', फोन नुसता वाजत होता. मी प्रत्येक मेसेज विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत होतो.

निकाल सुरू झाला. युरोपबाहेरच्या जगाचे बारा पॉइंट्स गेले इटलीला. माल्टाला शून्य.

"चीटिंग आहे ही!" मी रिमोट आपटला. तेवढ्यात कुलकर्णीकाकांचा फोन आला.

"काय, आणलं की नाही निवडून? बारा नंबरचं गाणं, इटली. घरातल्या एकूण एक फोनवरून दिलं."

"अहो, बारा म्हणजे पॉइंट्स! आमचं गाणं सोळावं होतं!"

"मग तसं लिहायचं. आम्हाला वाटलं, जावई इटलीचा. पास्ता बरा करतो की तो."

मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. लॅपटॉपमधून विहीणबाई विचारत होत्या, "व्हॉट हॅपन्ड?"

"बारा वाजले, दुसरं काय!" ही म्हणाली.

ईशानं ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं. विहीणबाईंनी त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "येस. हिअर ऑल्सो."

मराठी माणसानं एकदा तरी एका नंबरावर बोट ठेवावं, म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला. त्या दुपारी त्यांनी माझं ऐकलं. इटलीनं साधे आभारसुद्धा मानले नाहीत.