धनराज आऊट नव्हता

बावणे सरांचा उजवा कान माझ्या खोटं बोलण्याने गेला.

आज पहाटे सर वारले. वय नव्वदच्या पुढे होतं. आता हे लिहायलाच हवं.

आणीबाणी उठली, त्यानंतरचा हिवाळा. मी वीस वर्षांचा, मॅट्रिकला दोनदा नापास. सर शाळेत पीटी शिकवायचे आणि नागपुरातल्या शालेय कबड्डीचे सर्वांत जुने पंच होते. आम्हा नव्या पंचांना तेच तयार करायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला रेघेजवळ उकिडवं बसवलं.

"उभ्यानं रेघ दिसत नाही बे. अन् पायाची फक्की पाहून कोणाले आऊट देऊ नको. ते कव्हाचीही असते."

फक्की म्हणजे रेघा आखायचा चुना.

आणखी एक नियम त्यांचा स्वतःचा होता, पुस्तकात नव्हता. दिलेला निर्णय बदलायचा तर ज्याने दिला त्यानेच. दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही.

फायनल सक्करदऱ्यातल्या शाळेच्या मैदानात होती. लोक दोरीच्या आत घुसले होते. मी रेघेवर बसलो होतो आणि मागून कोणीतरी पाठीत लाथा घालत होतं.

"ए पंच, नीट पाह्यजो! नाही तं इथंच गाडीन तुले."

मी घाबरून उठलो. दोन पावलं बाजूला सरकलो.

शेवटची चढाई धनराजची, तिथल्याच शाळेचा मुलगा. दोघांना शिवून तो रेघेच्या काठाकाठाने परत पळाला. सामना त्यांचा झाला होता.

त्याचा पाय कुठे पडला, ते मला दिसलं नाही.

टाचेवरची फक्की दिसली.

मी शिट्टी मारली. आऊट.

पहिला दगड स्कोअररच्या टेबलावर पडला. कोणीतरी दोरीचा खुंटा उपटला. एक लाथ माझ्या पोटात, दुसरी तोंडावर. दोन दात तिथेच पडले. सरांनी मला कॉलरला धरून जवळच्या वर्गात ओढलं आणि कडी लावली. खिडकीच्या काचा फुटत होत्या. दार हलत होतं.

"तुले दिसलं का?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"रेघेवर पाय पडताना?"

"हो सर. आईची शपथ."

 सरांनी मला बाकाखाली ढकललं आणि स्वतः दार उघडलं.

"माह्या पोरानं पाहिलं म्हणते. आऊट म्हणजे आऊट!"

बाकाखालून मला फक्त पाय दिसत होते. चपला, बूट, लोंबणारी सायकलची चेन. चेन वर गेली, खाली आली. मग सरांचे गुडघे फरशीवर आले. खुंटा त्यांच्या कानशिलावर बसल्याचा आवाज मी ऐकला. मग परत एकदा. सर ओरडले नाहीत. रक्त फरशीवरून माझ्या हातापर्यंत आलं.

मी हात मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मी म्हणालो, "सर, मले दिसलं नव्हतं."

"डावीकडून बोल. इकडून ऐकू येत नाही."

मी पुन्हा बोललो.

"माहीत होतं मले. दोन चढायांपासून फक्की होती त्याच्या टाचेले."

"मग दार काहून उघडलं सर?"

"तोडूनच राहिले होते ना गा. तुले कसा देऊ त्यांच्या हातात?"

मग म्हणाले, "आता धनराजले सांगून ये."

मी तीनदा सायकलने सक्करदऱ्याला गेलो. तीनदा त्याच्या घराच्या कोपऱ्यावरून परत फिरलो. ती चेन डोळ्यांसमोरून जात नव्हती. नंतर तेवढी भीती राहिली नाही, लाज राहिली.

सरांनी कोणालाच सांगितलं नाही. त्यांचाच नियम. मात्र दरवर्षी स्पर्धेआधी विचारायचे, "सांगितलं का धनराजले?"

"सांगतो सर."

गेल्या महिन्यात अंथरुणावरूनही विचारलं.

आज घाटावर मी सवयीने त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला उभा राहिलो.

धनराज, तू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेस. तू आऊट नव्हतास. माझी शिट्टी चुकली. निर्णय मी बदलतो आहे, सगळ्यांसमोर.

सांगितलं, सर.

या आता.