बुडालेल्या जहाजाचं उरलेलं अर्धं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर लसूण सोलत टीव्ही पाहिला. समुद्राच्या तळाशी गेलेलं एक जहाज, आणि पाठीवर सिलिंडर बांधून त्यात शिरणारे दोन गोरे. चॅनल इंग्रजी. आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही, म्हणून आवाज बंद आणि बोलणं हिचं. गल्लीत केबल आली तेव्हापासूनची आमची ही रीत.

"पाहा, त्याला सिलिंडर मिळालं," ही म्हणाली. "आपण नंबर लावून बसलोय."

जहाज पार सडलेलं. पत्र्याला भोकं, जिना अर्धा गळालेला. पण आत मासे म्हणजे मासे. पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, एक जाडा तर भोकातून नुसतं तोंड काढून बसलेला. बॉयलर दिसलं तसा मी पुढे सरकलो. मिलमध्ये बॉयलरवरच माझी उमर गेली.

"तुमची मिल आहे ही," ती म्हणाली.

"कुलूप लागलेल्या मिलचं नाव काढू नको."

"कुलूप लागलं म्हणून काय झालं? आत किती संसार थाटलेत बघा. तो जाड्या तुमच्यासारखाच आहे. जात नाही म्हणतो."

मिल बंद झाल्यावरही मी रोज फाटकापर्यंत जाऊन यायचो, त्यावर हा टोमणा.

गोरे बॉयलरच्या मागे शिरत होते आणि लाइट गेली. तिथे काय आहे ते दिसायचं राहिलं. ही हळहळली.

"सकाळी नऊला परत दाखवतात," मी म्हटलं.

"मग तेव्हा मला चहा सांगू नका." लसणाची सालं गोळा करून ती उठली.

पहाटे ती उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाला.

मुलगी भोपाळहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं होतं. हिला पुढच्या खोलीत जमिनीवर ठेवलं होतं. टीव्हीवर कुणीतरी चादर टाकली होती. शेजारी, मिलमधले जुने दोस्त, हिचा धाकटा भाऊ, सगळे भिंतीला टेकून बसलेले. नऊ वाजत आले तसा मी उठलो आणि चादर काढली.

"भाऊजी, हे काय करताय?" हिच्या भावाने विचारलं.

"टीव्ही लावतोय."

"ताई समोर अशी पडलीय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. मिल बंद झाली तेव्हा हेच लोक म्हणाले, जो हुआ सो हुआ, घरी बस. बसलो. आज कुणाचं ऐकणार नाही. तिचं अर्धं पाहायचं राहिलंय."

शेजारचा हळूच म्हणाला, "भिया, बाद में देख लेना."

"बाद में ती कुठे असणार आहे?"

भाऊ रागाने बाहेर जाऊन उभा राहिला. मी टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला आणि तिच्या उशाशी बसलो. कार्यक्रम पहिल्यापासून लागला. जाड्या होता तिथेच होता. तिच्यासारखं मला जमत नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोलत राहिलो. शेवटी गोरे बॉयलरच्या मागे शिरले.

"आत अंधार आहे गं. आता बत्ती लावली त्याने. बारीक मासे आहेत, चांदीसारखे, सगळी खोली भरलीय. शिफ्ट सुटल्यासारखी गर्दी आहे. पण बाहेर कुणी पडत नाहीये."