शेवंताबाई भांडायले जाते

शेवंताबाई नवी नवरी होऊन बालाघाटात आली, त्या वर्षी तिनं चुलीमागून एक भांडण ऐकलं. अंगणात सासू विमलाबाई आणि शेजारची गीता नळावरून सुरू झाल्या आणि नळ सोडून भलतीकडंच गेल्या. आत खाटेवर सासरा नथ्थू पडलेला. ताप उतरला होता, पण नथ्थू काही उठला नव्हता. तोंड भिंतीकडं, अन्न नको, बोलणं नको. पादरीसाहेब डोक्यावर हात ठेवून गेले, चर्चची मंडळी गाणी गाऊन गेली. विमलाबाईनं तर कफनाचं कापड कोणत्या दुकानातून घ्यायचं तेही मनात धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात गीता म्हणाली, "तोरा कायचा दाखवतं वो? तुह्या नवऱ्याले ढोलक तरी वाजवता येते का? गेल्या नाताळात त्याच्यापायी अख्खी मंडळी बेताल गायली."

आत खाट कुरकुरली. "कोन बेताल?" नथ्थूचा आवाज आला. "विमले, पेज आन. पेज पितो अन् मंग पाहातो हिच्याकडं."

पुढच्या रविवारी पादरीसाहेबांनी प्रार्थनेचं फळ म्हणून ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. नव्या नवरीनं देवाच्या श्रेयात वाटा मागायचा नसतो. पण खूणगाठ शेवंतानं तिथंच बांधली. काही माणसं मायेनं उठतात, काही रागानं. माया करणारे पुष्कळ आहेत, रागाचं खातं रिकामंच पडलेलं असतं.

तेव्हापासून पेजेचा डबा घेऊन ती आजाऱ्याच्या घरी जायची आणि भांडून यायची. मंडळीतल्या रूपालीचा नवरा वारला आणि तिनं दार लावून घेतलं, तेव्हा बायका बाहेर बसून रडल्या. शेवंताबाईनं तिचं अंगण झाडायला घेतलं. केर असा उडवला, की झाडू हिसकून घ्यायला रूपालीच बाहेर आली. "असं झाडतेत का?" म्हणाली. त्या दिवशी दोघी सोबत जेवल्या.

अशी वर्षं गेली. शेवंताबाईचे केस पांढरे झाले आणि चर्चमध्ये रजत पास्टर आले. वयानं तरणे, मनानं चांगले, पण बाहेरून शिकून आलेले. मंडळी म्हणजे एक शरीर, त्यांनी सांगितलं, आणि प्रत्येक जण त्याचा एक अवयव. आत्म्यानं प्रत्येकाला काही ना काही दान दिलं आहे. ते ओळखा आणि दुसऱ्यांच्या कामी लावा. मग एकेकाला उभं केलं. वसंताला आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं दान निघालं. ज्याच्याकडं गाडी होती त्याला पाहुणचाराचं निघालं.

"शेवंता मावशी, तुमचं दान?"

"भांडन," ती म्हणाली.

सगळे हसले. पास्टर नाही हसले. "मावशी, ते दान नाही, दोष आहे. लोकं सांगतात मला. माणूस आजारी अन् तुम्ही त्यालाच बोलता."

"मंग मी शरीराचा कोनता अवयव जी?"

"कोपर," मागून वसंता म्हणाला.

पास्टरांनी तिला रविवारी दऱ्या, बसायच्या सतरंज्या, अंथरायचं काम दिलं आणि बजावलं, की पुन्हा कोणाची तक्रार आली, तर भेटीला जाणाऱ्यांतून तिचं नाव कायमचं काढणार. घरी येऊन शेवंताबाईनं डबा फळीवर ठेवला आणि त्याच्याकडं पाहत बसली. आजाऱ्याचं दार बंद झालं, तर तिच्यापाशी उरत काय होतं? दऱ्या आठवड्यातून एकदाच लागतात.

मग एका दुपारी वैदेही आली, चर्चमागच्या गल्लीतली. तिचे सासरे गुणाकर तहसिलीतून रिटायर झालेले. न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि घरी आणल्यापासून भिंतीकडं तोंड.

"मावशी, डॉक्टर म्हनते, खाल्लं नाही अन् चालले नाही तर खाटेवरच जातील. तुमी चला."

"मले मनाई हाये."

"कोनाची?"

"शरीराची," शेवंताबाई म्हणाली आणि फळीवरचा डबा काढला.

वैदेहीनं मारुतीला नारळ कबूल केला होता आणि मंडळीलाही बोलावलं होतं. सुनेनं एकाही देवाला सुट्टी दिली नव्हती. शेवंताबाई पोचली तेव्हा खाटेपाशी वसंता प्रार्थना करत होता आणि बाजूला पास्टर उभे. गुणाकर भिंत पाहत होते.

शेवंताबाईनं वाटीत पेज ओतली. "गुणाकरभाऊ, वारासिवनीचा चिन्नोर हाये. तुमच्या किरनापुराकडं असा तांदूळ होत नाही, म्हनून आनला."

"मावशी," पास्टर हळूच म्हणाले.

"तुमच्याकडच्या चिन्नोराले वासच नाही म्हनतेत. कोंडा बरा."

पाठ हलली. "कोन म्हनते?"

"सारेच म्हनतेत. वारासिवनीच्या मिलवाल्याइले तर हसू येते."

"वैदेही, उठव मले." गुणाकर बसले, एक घोट घेतला. "हा चिन्नोर?"

"हौ."

दुसरा घोट. "बाई, हा कंट्रोलचा तांदूळ हाये. रेशनचा."

"आजारात जीभ गेली तुमची."

तिसरा घोट घेतला, चौथा घेतला. पुरावा तपासता तपासता वाटी रिकामी झाली. "आमच्या शेतातला चिन्नोर खाऊ घालतो तुले उद्या," गुणाकर म्हणाले, "मंग बोल."

"मी काहून येऊ? खरा असन तर मुठीत घेऊन दारापर्यंत चालत आना. मी पायरीवर उभी राहीन."

"आनतो. घाबरतो का तुले?"

वसंताची प्रार्थना मधेच अडकली होती. त्यानं घाईनं आमेन म्हणून टाकलं.

बाहेर पास्टरांनी तिला गाठलं. "मावशी, तो कंट्रोलचाच होता ना?"

"हौ."

"म्हणजे खोटं बोललात. आजारी माणसाशी."

"बोलली. रविवारी माफी मागतो, दऱ्या अंथरल्यावर."

"मी तुमचं नाव काढणार होतो."

"काढा. नाव ठेवा तुमच्यापाशी, डबा माहा हाये."

पास्टर स्कूटरवर बसून निघून गेले. नाव काढलं की ठेवलं, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. पण पुढं कोणाच्या घरी भेटीला गेले की वसंताला म्हणायचे, "प्रार्थना थोडक्यात कर. मावशी बाहेर उभी आहे."

अगहन महिन्यात, थंडीच्या दिवसांत, शेवंताबाई गेली, झोपेतच. आदल्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात गेली होती. दम लागायचा, म्हणून जिन्यात दोनदा बसली. वरच्या वॉर्डात एक म्हातारी, कधीकाळची नर्सबाई, आता स्वतःच आजारी पडून गोळ्या थुंकत होती.

"तुमच्या हातची सुई घेतली की मानूस लंगडत घरी जाये," शेवंताबाई खाटेवर टेकत म्हणाली.

"कोन लंगडलं? नाव सांग."

"नावं लय हायेत. आधी गोळी घ्या, मंग मोजू."

नर्सबाईनं बोलायला तोंड मोकळं हवं, म्हणून गोळी गिळली. वरून पेज प्याली आणि सुई कशी टोचायची ते समजावून सांगू लागली. शेवंताबाईनं नळावर डबा विसळला, पोछा नीट मारला नाही म्हणून आयाला दोन शब्द ऐकवले आणि जिन्याकडं निघाली.

"थांब वो, पळतं कुठं?" मागून नर्सबाई ओरडली. "माहं बोलनं झालं नाही."

"मले ऐकायचंच नाही," शेवंताबाई म्हणाली आणि कठड्याला धरून जिना उतरली.