हिरव्या राजाची मदत

गिरगावात परवा मोबाइलच्या दुकानात शिरलो आणि एसीचा तोच कुबट, गार वास आला. आमच्या कॉलेजच्या दिवसांत इथे सायबर कॅफे होता. तिथे आम्ही लढाईचा गेम खेळायचो; त्यातले लाल आणि हिरवा, हे दोन्ही राजे कॉम्प्युटर चालवायचा. एकदा हिरव्याशी आमचा तह होता आणि लाल त्याच्यावर चालून आला होता.

"लढू दे रे दोघांना, उरलेलं आपण खाऊ," सुनील, माझा मित्र, म्हणाला. "हिरवा वाचला तर तुझ्यावरच उलटेल."

मला बघवेना. मी सगळं सैन्य पाठवलं.

"घाल, अन्नछत्र घाल!" सुनील वैतागला.

लाल हरला. हिरव्याचे घोडेस्वार आमच्या रिकाम्या गडापर्यंत आले आणि मुकाट घरी वळले. हुश्श झालं.

पुढे खऱ्या माणसांनी हाक मारली तेव्हा मी अनेकदा हिशेब करत बसलो. पण हिशेब न करता धावून जाणाराही मीच होतो, हे आठवून परवा फार हलकं वाटलं.