आडव्या पाट्याची रेसिंग गाडी घेऊन कोल्हापूरला

"यंदा पाटा पास झाला तर राहील, नाहीतर परत आल्यावर मुकाट्याने स्प्रिंगा बसवायच्या," असं माझ्या मावसभावाने, सुहासने, टेम्पोची किल्ली फिरवायच्या आधी माझ्याकडून वदवून घेतलं. मी हो म्हटलं.

मागे ताडपत्रीखाली होती ती माझी एका माणसाची रेसिंग गाडी, चार वर्षं खपून घरामागच्या शेडमध्ये बांधलेली. तिच्या पुढच्या दोन चाकांना वेगवेगळ्या स्प्रिंगा नाहीत. दोघांत मिळून एकच आडवा पोलादी पाटा, ट्रकखाली असतो तसला. साधारण सत्तर वर्षांपूर्वी असल्या पाट्यांवरच्या चिमुकल्या गाड्यांनी भल्याभल्यांना धूळ चारली होती. त्या काळात कुणी तर स्प्रिंगांऐवजी चक्क ताणलेले रबरी पट्टे लावले. पुढे संगणकाने हलणारं सस्पेन्शन आलं आणि त्याच्यावर बंदीही आली. या सगळ्या खुळ्या मंडळींवर माझा जीव आहे. पण गेल्या वर्षी कोल्हापूरच्या ट्रॅकवर तपासनिसांनी 'वळणावर फार झुकते' म्हणून माझी गाडी बाद केली, आणि मी टेम्पोत बसून रडले होते.

शुक्रवारी पहाटे पुणं सोडलं. हायवेवर जागोजागी रुंदीकरणाची वळणं आहेत, तेव्हा गाडी लादून जाणाऱ्यांनी सहा तास धरूनच चालावं. पोचल्यावर मिसळ खाल्ली. कट जपून मागा, मी जपला नाही.

शनिवारच्या सरावात व्हायचं तेच झालं. दुसऱ्या वळणावर गाडी अशी कलली की सुहासने डोळे मिटले. तपासनीस म्हणाले, "मॅडम, उद्या आठला पुन्हा बघतो. अशीच असली तर सोडणार नाही." चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं, शिरोली एमआयडीसीत जा, ट्रेलरचे पाटे बसवणाऱ्या भूपालअण्णांकडे.

अण्णांच्या शेडमध्ये उसाच्या ट्रेलरचे पाटे रचलेले होते, प्रत्येकावर पिवळ्या रंगाने 'माल : १० टन', 'माल : १५ टन'. साठीचे अण्णा घाम पुसत आले. मी पाट्याचं काम आहे म्हणताच त्यांनी विचारलं, "माल किती भरताय?"

"माल नाही हो. मी एकटीच बसते."

"एकटीच? मग पाटा कशाला, खुर्ची घ्या की!"

ते बाहेर येऊन गाडीखाली वाकले. मग घड्याळ बघून म्हणाले, "चला, जेवायला."

"अण्णा, आधी गाडी…"

"आम्ही जैन, ताई. दिवस बुडला की मी तोंडात काय घालत न्हाय. आणि उपाशीपोटी पोलादाला हात लावत न्हाय." मग सुहासकडे वळून, "पावणं, तुम्हीबी चला."

शेडमागेच घर होतं. गरम भाकरी, दोडक्याची भाजी, दही. मी अर्धी भाकरी ताटात ठेवून घड्याळ बघत होते. अण्णांनी मात्र शांतपणे जेवून, हात धुऊन, खिशातली पोलादी फूटपट्टी काढली. मधोमध चिमटीत घट्ट धरली आणि एक टोक वर दाबलं. दुसरं ढिम्म.

"तुम्ही पाटा असा मधी एका बोल्टनं आवळलाय. आता बघा." त्यांनी चिमटी सोडून पट्टी दोन्ही हातांच्या बोटांत दोन ठिकाणी सैल धरली आणि मला एक टोक वर दाबायला सांगितलं. मी दाबलं, तसं दुसरं टोकही आपसूक वर आलं.

"एक चाक वर गेलं की दुसऱ्यालाबी वर वडतंय. मग गाडी कलंल कशी?"

पंचवीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलंय. फूटपट्टी माझ्या टेबलावर रोज असायची. मला इतकी लाज वाटली आणि तितकाच आनंद झाला की मी राहिलेली भाकरी दोन घासांत संपवली.

मधला बोल्ट निघाला. दोन बाजूंना ट्रेलरच्या रबराचे जाड ठोकळे बसले, त्यांत पाटा सैलसर. सगळं दीड तासात, मजुरीही ट्रेलरवाल्याला लावतात तीच.

रविवारी आठला तपासनीस गाडीखाली वाकले आणि खो-खो हसत उठले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी एक चाचणी फेरी बघितली आणि फॉर्मवर सही ठोकली. घरी बांधलेल्या पाच गाड्यांच्या शर्यतीत मी दुसऱ्या वळणावर दोघांना बाहेरून मागे टाकलं. गाडी सपाट, जमिनीला धरून. हो, मी पहिली आले! सुहास कुंपणावर चढून ओरडत होता. अण्णांना फोन केला तर म्हणाले, "येनारच की. पाटा कुणी बसवलाय?"

पुण्यात गाडी उतरवताना खाली वाकले, तेव्हा कळलं तपासनीस का हसले होते. पाट्यावर पिवळ्या रंगात, अण्णांच्या अक्षरात, इतर पाट्यांसारखंच लिहिलं होतं : 'माल : १ ताई'.

सुहास रंग काढायचं थिनर घेऊन आला. त्याला म्हटलं, आधी माझ्या अंगावरून गाडी घाल.