महादेवरावांचे दावे

कोर्टात काम थोडं आणि वाट बघणं फार. त्यामुळे आम्हा वकिलांकडे किस्से साचत जातात. माझ्याकडचे बहुतेक एकाच माणसाचे आहेत. दारव्ह्यातले रिटायर्ड कंपाउंडर, महादेवराव. वकील लावत नसत. दावा स्वतःच लिहायचे, स्वतःच चालवायचे. बहुतेक दावे शेजारच्या सुमनबाईंवर. बाई एकट्या, भाड्याच्या घरात ब्लाउज शिवायच्या. त्यांची वकील मी.

*

पहिला दावा कडुनिंबाचा. बाईंच्या झाडाचा पाला माझ्या अंगणात पडतो, असं महादेवरावांचं म्हणणं. कटकट नको म्हणून बाईंनी त्या बाजूच्या फांद्या छाटल्या.

थोड्याच दिवसांत दुसरा दावा आला. माझी सावली गेली!

*

मग शिलाई मशीनच्या आवाजाचा. दुपारची झोप होत नाही, म्हणे. महादेवराव साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. मी विचारलं, "मशीन किती वाजता सुरू होते?"

त्यांनी कानामागे हात धरला. "जोरानं बोला मॅडम, मले कमी आयकू येते."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवला.

*

आम्ही हसायचो. बाई हसत नव्हत्या. ऐन लग्नसराईत तारीख लागली की शिलाई बंद. एकदा कोर्टाच्या पायरीवर बसून म्हणाल्या, "ताई, दरखेपी मीच जितते, अन् दरखेपी माह्याच दिवस जाते."

मग मात्र मी सगळे निकाल गोळा केले आणि सरकारच्या मुख्य वकिलांकडे, महाधिवक्त्यांकडे, अर्ज पाठवला: ऊठसूट दावे लावणाऱ्यांना आवरायचा कायदा आहे, तो यांना लावा. प्रकरण हायकोर्टात गेलं. ऑर्डर झाली: यापुढे जिल्हा न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय महादेवरावांनी इथे कुठलाही दावा लावायचा नाही.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आता गिऱ्हाइकाले पक्की तारीख देऊ ना?"

*

महादेवराव लगेच यवतमाळला गेले, जिल्हा न्यायाधीशांकडे परवानगी मागायला. साहेबांनी विचारलं, "कशाविरुद्ध दावा करायचा आहे?"

"परवानगी मांगा लागते, याच्याविरुद्ध."

नाही मिळाली.

*

गेल्या वर्षी घरमालकाला बाईंचं घर रिकामं करून हवं होतं. शेजाऱ्यांना उपद्रव होतो, असं कारण त्याने दाव्यात टाकलं आणि साक्षीला आणलं महादेवरावांना. साक्ष द्यायला परवानगी लागत नाही. बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

मालकाचे वकील खुशीत. "या बाईंचा तुम्हाला त्रास होतो ना?"

"कायचा त्रास?"

"अहो, तुम्हीच तर यांच्यावर इतके दावे लावले होते."

महादेवरावांनी त्यांना खालून वर न्याहाळलं.

"थे आमचं दोघाईचं हाये. तुम्ही मंधात कायले पडून राह्यले?"